नऊ ग्रॅमचा चोर

टक्.

शाळेला सुट्टी म्हणून लेक भिंगरी अजून अंथरुणात होती, नवरा कामावर गेला होता, आणि घरात अशी शांतता होती की भट्टीतली बिस्किटं फुगताना ऐकू यावीत. त्या शांततेत शेजारच्या खोलीतून हा आवाज आला. मग साखळीची बारीक खुळखुळ. मग पुन्हा, टक्.

सूनबाईने ओळखलं. तात्या साबण तोलतायत.

तात्या म्हणजे तिचे सासरे. वजनमापं खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होते. ते निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण त्यांचा संशय काही निवृत्त झाला नव्हता. उलट आता त्याला रविवारचीही सुट्टी नसे. घरात आलेला पाव आधी तागडीत जाई, मग ताटात. मागे डॉक्टर म्हणाले, "तुमचं वजन दोन किलोनं घटलंय," तर तात्यांनी त्यांना विचारलं, "हा काटा शेवटचा कधी तपासून घेतला होता?" तेव्हापासून ते डॉक्टर तात्यांना खुर्चीतच तपासतात.

घरातली एकच वस्तू तात्यांच्या तागडीत कधी गेली नव्हती. सूनबाईची बिस्किटं. "घरच्या माणसावर काटा लावत नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, आणि आपण केवढी सवलत दिली आहे हे सगळ्यांच्या लक्षात यावं म्हणून नंतर दर आठवड्याला पुन्हा जाहीर केलं होतं.

ही बिस्किटं म्हणजे सूनबाईचा जीव. भिंगरीच्या झोपेच्या वेळातून तास तास चोरून तिने ती जमवली होती. मध आणि लोण्याची, कडेला जेमतेम तांबूस. आता त्यांची दोनशे ग्रॅमची पाकिटं धक्क्यावरच्या नव्या बाजारात पंधरा दिवसांसाठी ठेवून घेतली होती. पंधरा दिवस आज भरत होते. अकरा वाजता तिथल्या मॅनेजरबाई सांगणार होत्या, हातभर लांबीची फळी तिला कायमची मिळणार की नाही. गेली पाच वर्षं कुणी "तुम्ही काय करता?" विचारलं की ती "घरीच असते" म्हणायची, आणि म्हणताना तिला वाटायचं, आपल्याला कुणीतरी घरी विसरून गेलंय. फळी मिळाली तर उत्तर बदलणार होतं.

तेव्हा तिचा बेत साधा होता आणि पक्का होता. भिंगरीला तात्यांपाशी ठेवायचं, एकटीनं जायचं, तासाभरात परत. असल्या बेताला काय धाड भरते?

ती साडी नीट करून बाहेर आली तर तात्या बूट घालून दारात उभे. शेजारी केस विंचरलेली भिंगरी. खांद्याला कापडी पिशवी. पिशवी एका बाजूला झुकलेली, म्हणजे तागडी आत.

"तात्या, मी एकटी जाऊन येते."

"काचेच्या दाराचा बाजार आहे म्हणतेस. मग मी येतो."

"तिथे काही घ्यायचं नाहीये आपल्याला."

"म्हणूनच. घेणाऱ्याचं लक्ष मालावर असतं. काट्याकडे बघायला रिकामा माणूस लागतो."

"तिथे कुणाला काही बोलायचं नाही हं. माझं काम आहे."

"मी कशाला बोलू?" तात्या पिशवीवर थोपटत म्हणाले, "माझं वजन बोलतं."

हे वजन म्हणजे दोनशे ग्रॅमचा एक षटकोनी लोखंडी तुकडा, काळा कुळकुळीत. कचेरीची वजनं मोठ्या पेटीत असत आणि वर्षातून एकदा तपासणीला जात. पण पेटी उचलून कोण फिरणार? म्हणून तात्यांनी हे स्वतःचं एक वजन नोकरीच्या पहिल्या महिन्यापासून खिशात ठेवलं होतं. ते कधी तपासणीला गेलं नाही. तपासणाऱ्याला कोण तपासणार?

धक्क्यावर पूर्वी गोदामं होती. आता त्यांच्या भिंती मुद्दाम तशाच पोपडे निघालेल्या ठेवून आत दिवे सोडले होते, आणि पाण्याच्या बाजूला आख्खी काच. काचेपलीकडे पांढऱ्या होड्या डुलत होत्या. आत माणसं अशी हळू चालत होती की जणू सगळ्यांना सगळा दिवस मोकळा. पाव टोप्यांसारखे मांडलेले. मीठ पाच रंगांचं. खडूच्या पाट्यांवर पदार्थांची चार-चार ओळींची वर्णनं.

तात्या दारातच थबकले. "अंधार ठेवलाय."

"मंद उजेड आहे तो. बरं वाटतं फिरताना."

"मंद उजेडात काटा दिसत नाही."

पुढे चीजवाला उभा होता. दाढी कातरलेली, अंगात चामड्याचा एप्रन. त्याने हसून ताटली पुढे केली. बारीक काड्यांना टोचलेले चीजचे तुकडे. भिंगरीने दोन उचलले, तात्यांनी हात मागे घेतले.

"फुकट का देता?"

"चव बघायला, काका."

तात्या सुनेकडे वळून हळूच म्हणाले, पण त्यांचं हळूच म्हणजे तीन दुकानं ऐकतील एवढं: "चव बघताना माणूस डोळे मिटतो. लक्षात आलं?"

चीजवाल्याच्या लक्षात आलं. त्याने ताटली दोन बोटं मागे सरकवली. तेवढ्यात भिंगरीने तिसरा आणि चौथा उचलला होता.

पुढे तात्या तेलवाल्यापाशी वाकून बाटलीचा तळ बघून आले. "आतून काच वर आलीय. तेवढं तेल कमी." कॉफीवाल्याच्या काट्यावर फुंकर मारून आले. "फुंकरीनं हलत नाही. का हलत नाही?" एव्हाना चीजवाला त्यांच्याकडे बघत होता, तेलवाला चीजवाल्याकडे, आणि दारावरचा पहारेकरी तात्यांच्या झुकलेल्या पिशवीकडे. सूनबाईला वाटलं, आपण बाजारात नाही, चौकशीत आलोय. फक्त कोण कोणाची करतंय तेवढं ठरायचंय.

अकराला पाच कमी असताना तिने दोघांना काचेजवळच्या बाकावर बसवलं. "दहा मिनिटं. इथून हलायचं नाही. होड्या मोजा."

"मोजतो," तात्या म्हणाले. तिला तेव्हाच कळायला हवं होतं, की तात्यांना मोजायला सांगणं म्हणजे मांजराला दुधावर बसवणं.

मॅनेजरबाईंची खोली वरच्या मजल्यावर होती. बाई मृदू बोलणाऱ्या, नखं स्वच्छ, टेबलावर एकही कागद वाकडा नाही. त्या म्हणाल्या, "लोक तुमची पाकिटं मागून नेतायत. मला आवडलं. आमच्याकडे येणारा माणूस विश्वासावर घेतो. तो विश्वास—"

खालून गलका आला. दोघींनी काचेतून पाहिलं.

तिच्या फळीपुढे वीस-पंचवीस माणसं. मधोमध तात्या, उजवा हात वर, हातात तागडी. एका पारड्यात काळं वजन. दुसऱ्यात बिस्किटं.

जिना उतरताना तिला पायऱ्या लागल्या की नाही ते आठवत नाही.

"या, सूनबाई, या," तात्या विजयी स्वरात म्हणाले. "तुझ्या पाकिटांतून इथे माल काढतायत. चार पाकिटं फोडली. कागदाचं वजन धरायचं नसतं, हा पहिला नियम. चारही पाकिटांत सारखे नऊ ग्रॅम कमी. एक कमी नाही, एक जास्त नाही. हा भुरटा चोर नाही. हा शिस्तीचा चोर आहे."

चार फाटकी पाकिटं फळीवर आ वासून पडली होती. सगळ्यांच्या नजरा आधी भिंगरीच्या तोंडाकडे गेल्या. ओठांना कण चिकटलेले.

"चीज आहे ते," भिंगरी म्हणाली. "नऊ तुकडे."

"ते मी सांगू शकतो," चीजवाला कडवटपणे म्हणाला.

मॅनेजरबाईंनी एक न फोडलेलं पाकीट उचललं, उलटं केलं, सुलटं केलं. "यावर तुमचं सील आहे. ते तुटलेलं नाही. आत आमचं कुणी हात घालूच शकत नाही." मग अगदी मृदूपणे सूनबाईला विचारलं, "घरून किती भरून देता तुम्ही?"

"दोनशे. प्रत्येक पाकीट दोनदा मोजते."

तात्यांनी पाकीट बाईंच्या हातातून घेतलं. सील पाहिलं. नखाने टोकरून पाहिलं. आणि मग मान वर करून त्यांनी सुनेकडे पाहिलं.

ही नजर तिने कधी स्वतःवर पाहिली नव्हती. शेजाऱ्यांवर, वाण्यावर, डॉक्टरांवर पाहिली होती. तिच्यात राग नसे, फक्त एक थंड, कामापुरती विचारपूस असे.

"सील तुझंच ना गं?"

"माझंच."

"हं," तात्या म्हणाले. त्या एका 'हं'मध्ये आजवरची सगळी सवलत संपली.

मॅनेजरबाईंनी कुणाला तरी खूण केली. फळीवरची पाकिटं एकेक करून टोपलीत जाऊ लागली. सूनबाईला वाटलं, ही पाकिटं नाहीत, भिंगरीच्या झोपेचे तास उचलून नेतायत. तिचा आवाज निघाला तो तिलाच ओळखीचा वाटला नाही. "थांबा. इथल्या काट्यावर तोला."

"यांच्या काट्यावर?" तात्या म्हणाले. "वा."

चीजवाल्याने काटा आणला. एका पाकिटातली बिस्किटं वर ठेवली. दोनशे. कॉफीवाल्याने आपला आणला. दोनशे. तेलवाल्याने मागच्या खोलीतून तिसरा आणला. दोनशे एक.

"तिघे मिळालेले आहेत," तात्या म्हणाले. पण यावेळी त्यांचं हळूच खरोखर हळू होतं.

"काका, मग तुमचं वजन ठेवून बघू या की," चीजवाला म्हणाला.

"वजनाचं वजन करत नसतात."

"ठेवा तर."

तात्यांनी ते वजन पारड्यातून उचललं, धोतराच्या सोग्याने पुसावं तसं सदऱ्याने पुसलं, आणि काट्यावर ठेवलं. सगळे वाकले. होड्यांकडे बघणारा एक गृहस्थसुद्धा काही कारण नसताना वाकला.

दोनशे नऊ.

कॉफीवाल्याच्या काट्यावर, दोनशे नऊ. तेलवाल्याच्या, दोनशे दहा.

चीजवाल्याने ते हातात घेऊन फिरवून पाहिलं. "यावर आकडा नसतो का?"

"असतो की. वरच्या बाजूला. ठसठशीत."

वर काही नव्हतं. गुळगुळीत काळी पाठ, भिजलेल्या म्हशीसारखी चकाकणारी. चीजवाल्याने कडेला सुरीचं टोक लावलं आणि एक टवका उडाला. आत रंगाचे थर. कांद्यासारखे, एकाखाली एक, एकाखाली एक, मोजता मोजता नजर थकावी असे. अगदी खाली लोखंड.

"रंग कोण देतं याला?"

"मीच," तात्या म्हणाले. "वर्षाला एक हात. गंज चढू नये म्हणून." मग कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाले, "नोकरीला लागलो त्या वर्षापासून. एकदाही चुकवलं नाही."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग दोघं. मग सगळा बाजार हसला, तेलाच्या बाटल्यांपर्यंत. सूनबाईला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण तात्यांचे कान लाल झाले होते, आणि चीजवाला दुसरा टवका काढायला सुरी टेकवत होता.

"राहू द्या," ती म्हणाली, आणि वजन त्याच्या हातातून काढून घेतलं. "ते आमचं आहे."

तिने ते तात्यांच्या तळहातावर ठेवलं. तात्यांनी मूठ मिटली. तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुला विचारलं मी. सीलचं. विचारायला नको होतं."

"तुम्ही माझ्यासाठीच भांडत होता, तात्या."

"सुरुवातीला," तात्या म्हणाले. माणूस मोजमापाचा, कबुलीही नेमकी द्यायचा.

मॅनेजरबाईंनी टोपली परत फिरवली. पाकिटं फळीवर गेली. "तुमची मापं चोख आहेत," त्या म्हणाल्या. "आज तर वीस माणसांसमोर तीन काट्यांवर सिद्ध झालं. फळी तुमची. फोडलेली चार पाकिटं मात्र घरी न्या." आणि तिच्या हातात सहीचा कागद देताना आणखी हळू: "पुढच्या वेळी शक्यतो एकट्याच या."

बाहेर धक्क्यावर ऊन होतं. तात्या कठड्यापाशी जाऊन पाण्याकडे तोंड करून उभे राहिले.  अंगठ्याच्या नखाने रंग खरवडण्याचा आवाज येत होता, खरर, खरर, आणि काळ्या टिकल्या पाण्यात पडत होत्या. सूनबाई भिंगरीला घेऊन जवळच्या पायरीवर बसली. पिशवीत फळीचा कागद होता, मांडीवर फाटकं पाकीट. पोरीने नऊ तुकडे चीज खाऊनही बिस्किटाला नाही म्हटलं नाही.

"आई, आजोबा दुकानदारांना पकडायचे ना?"

"हो गं. ते कामच होतं त्यांचं."

"पकडल्यावर ते दुकानदार काय म्हणायचे?"

"काय म्हणणार? म्हणायचे, साहेब, आमचं माप बरोबर आहे."

"मग?"

"मग आजोबा खिशातून आपलं वजन काढून दाखवायचे."

कठड्याजवळची खरखर थांबली. भिंगरीने बिस्किटाची कड चाटली, विचार केला, आणि तिच्या आवाजाला 'हळूच' हा प्रकारच माहीत नसल्यामुळे सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असं विचारलं:

"म्हणजे ते सगळे खरंच बोलत होते का गं?"