बाणवाल्याचा रकाना

राव सारांनी मला पहिल्या भेटीत नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नॉनव्हेज खातेस का हेही विचारलं नाही. चेन्नईत खोली शोधताना हा तिसरा प्रश्न तर दारातच अंगावर येतो. त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तू ढालवाली की कुऱ्हाडवाली?"

मला वाटलं, त्यांच्या तमिळ वळणाच्या मराठीत याचा काही वेगळा अर्थ असणार. म्हणून मी जपून म्हटलं, "मी क्वालिटी डिपार्टमेंटला आहे."

"मग भालेवाली," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "लांबून टोचायचं काम."

श्रीपेरुंबुदूरच्या आमच्या कारखान्यात माझं काम नेमकं हेच आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

राव सार म्हणजे पश्चिम तांबरममधले माझे घरमालक. अख्खी गल्ली त्यांना याच नावाने ओळखते; 'सार' म्हणजे तिकडचं 'सर'. वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, कपाळावर बारीक गंध. एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. घराणं मराठीच, पण तंजावरकडचं, कित्येक पिढ्या तिकडेच राहिलेलं. 'सगळं' म्हणायचं असेल तर ते 'आस्क' म्हणतात, 'सांगितलं'ला 'सांगिटलं' आणि 'ठीक आहे'ला तमिळ 'सरी'. मी सांगलीची. माझं मराठी ऐकून ते म्हणायचे, "तू रेडिओसारखी बोलतेस. आस्क कळतं, पण घरचं वाटत नाही." मला त्यांचं निम्मंच कळायचं आणि तरी घरचं वाटायचं.

आता त्या ढाली-कुऱ्हाडींविषयी सांगते. राव सार संगणकावर एक लढाईचा खेळ खेळतात. चिलखतं, तटबंदी, बुरूज, दोन सैन्यं आणि जगभरातून कोण कोण आपापल्या घरी बसून त्यात घुसलेले. आत शिरण्याआधी आपण कोण व्हायचं ते निवडावं लागतं. ढालवाला चालतो हळू, पण मरता मरत नाही. कुऱ्हाडवाला धावत येतो, दोघांना मारतो आणि तिसऱ्याच्या हातून मरतो. भालेवाला अंतर राखून असतो. बाणवाला बुरुजावर उभा राहून लांबचा माणूस टिपतो, पण त्याच्या अंगावर चिलखत नसतं. कोणी जवळ पोचलं की दोन घावांत त्याचा निकाल.

हा खेळ त्यांच्या मुलाने परदेशातून पाठवला होता. आई, अप्पा आणि आपण असे तिघं मिळून दर रविवारी खेळू, अशी त्याची कल्पना. तो तीन रविवार खेळला. पुढे त्याला नोकरी बदलावी लागली, बाळ झालं आणि त्याचं येणं थांबलं. आईवडील मात्र खेळतच राहिले. त्यातल्या आई, म्हणजे तुळजाबाई, मी राहायला यायच्या आठ महिने आधी वारल्या. हॉलमध्ये संगणकाच्या वरच त्यांचा हार घातलेला फोटो होता. फोटोतही त्या कोणाला तरी घाई करत असल्यासारख्या दिसतात.

हेडक्लार्क माणूस खेळसुद्धा फायलीसारखा खेळतो. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडलं की राव सार त्याच्या पाठीवर पट्टीने रेघा मारायचे. हत्यार, चिलखत, धाव, दम असे रकाने आणि शेवटी मोठा रकाना 'स्वभाव'. भाषा मराठी, अक्षरं तमिळ. मला वाचता यायचं नाही, म्हणून मी कारखान्यातून आल्यावर कॉफी पिताना ते वाचून दाखवायचे.

"कुऱ्हाडवाला. हत्यार उत्तम. दम कमी. स्वभाव : सासुरवाडीला जेवायला गेला तरी भांडून येईल."

"आणि ढालवाला?"

"हत्यार साधारण. धाव नाही. स्वभाव : लग्नाला योग्य."

स्वतः ते कायम ढालवालाच होत. उरलेलं जगही त्यांनी याच रकान्यांत बसवलं होतं. इस्त्रीवाली कुऱ्हाडवाली. तांबरम स्टेशनवरचा काचेमागचा तिकीटबाबू ढालवाला. माझा मॅनेजर कोण, हे ठरवायला त्यांनी आठवडाभर माझ्याकडून माहिती काढली आणि शेवटी शेरा मारला, "हा सैनिकच नाही. हा घोडा."

दिवाळीच्या आधी मला आईसाठी साडी घ्यायची होती, तर टी. नगरला ते माझ्यासोबत आले. त्या गर्दीत त्यांनी भर उन्हात छत्री उघडली आणि डाव्या हातात पुढे धरून चालू लागले. "माझ्या मागं राहा. उजवीकडनं एक मामी येते, कोपर बघ तिचं!" साडीच्या दुकानापर्यंत आम्हाला कोणाचा धक्का लागला नाही. दुकानात छत्री मिटवायला मात्र तिघांना बोलवावं लागलं.

हसत होते मी तेव्हा. पण एक गोष्ट लक्षात यायची. कॅलेंडरच्या प्रत्येक पानावर बाणवाल्याचाही रकाना असायचा आणि त्यात एकच ओळ असायची. ती ते कधी वाचत नसत. "आणि बाणवाला?" असं विचारलं की पान घडी होऊन खिशात जायचं. "तो नको." खेळतानाही एखादा बाणवाला शेजारी येऊन उभा राहिला, की यांचा ढालवाला हळूहळू चालत पार दुसऱ्या टोकाला जायचा.

मला कोणी नको म्हटलं, की तेच करावंसं वाटतं. हा गुण मी आईकडून घेतला आहे. मीही माझ्या लॅपटॉपवर तो खेळ घातला आणि रविवारी सकाळी वरच्या खोलीतून त्यांच्याच सैन्यात जाऊ लागले. जिन्याकडचं दार उघडं ठेवलं की आमचं ओरडून बोलणं व्हायचं. पहिल्याच दिवशी मी बाणवाली झाले. खाली खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी डोकावून पाहिलं, तर राव सार खेळ अर्धा टाकून अंगणात तुळशीला पाणी घालत होते. सकाळचं एकदा घालून झालं होतं, तरी.

समोरच्या घरात जानकी मामी राहतात. उन्हात वडाम, म्हणजे तिकडच्या कुरड्या, घालताना एकदा त्यांनी मला हाक मारली आणि आवाज खाली करून तमिळमध्ये सांगितलं, "तुला माहीत आहे ना? बायको स्वयंपाकघरात कोसळली आणि हे बाहेर खेळत बसले होते. डाव संपल्यावर उठले. तोवर सगळं आटोपलं होतं." मग त्यांनी कावळ्यांना हाकललं आणि म्हणाल्या, "अजूनही खेळतात बघ."

मला ते ऐकून राग आला. खरं सांगायचं तर घाण वाटली. त्यानंतर दोन आठवडे मी खाली कॉफीला गेले नाही. राव सार जिन्याखालून विचारायचे, "काय ग, तब्येत बरी आहे ना?" मी वरूनच "हो" म्हणायचे आणि दार लावून घ्यायचे. एकदा त्यांनी डबा पाठवला तोसुद्धा मी न उघडता परत केला. त्यांनी कारण विचारलं नाही. त्यामुळे मामींचं म्हणणं मला आणखीच खरं वाटलं.

तिसऱ्या रविवारी अकराच्या सुमाराला मी खेळायला बसले. त्यांच्याशी बोलायचं नव्हतं, पण त्यांना डिवचायचं होतं. म्हणून मुद्दाम बाणवाली झाले आणि डाव्या बुरुजावर जाऊन उभी राहिले. खाली राव सार खेळत होते, हे त्यांच्या ढालीवरून दिसत होतं. मला वाटलं, आता खुर्ची सरकेल. ती सरकली नाही. तेवढ्यात तिघं कुऱ्हाडवाले बुरुजाच्या पायऱ्या चढताना दिसले. माझे बाण सगळे भलतीकडे जात होते. त्यांचा ढालवाला मैदानाच्या मध्यावर नुसता थांबला होता. मग तो वळला आणि एकेक पायरी चढत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने ढाल वर धरली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. तो गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांपाशी राहिला होता. आईचा असणार म्हणून मी तशीच उठले. गच्चीवर आईने सांगलीतल्या कोणाच्या तरी साखरपुड्याचं सगळं सांगितलं, मी कपडे काढत ऐकत राहिले. चार-पाच मिनिटं झाली असतील.

जिन्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मग पुन्हा आला. मग माझ्या दारावर थापा पडल्या. "ए पोरी! पोरी, अग ए!"

मी कपड्यांचा गठ्ठा घेऊन खाली आले. राव सार माझ्या खोलीच्या दारात उभे होते. अनवाणी. गुडघ्यांमुळे दोन वर्षांत ते हा जिना चढले नव्हते, भाडेकरूला खोली दाखवायलासुद्धा किल्लीच द्यायचे. एका हाताने त्यांनी कठडा धरला होता आणि छाती भात्यासारखी हलत होती. आत लॅपटॉपवर माझी बाणवाली मेलेली दिसत होती, शेजारी त्यांचा ढालवालाही.

मला काय सुचावं? मी म्हणाले, "राव सार, ढाल टाकून आलात? मेलो ना आपण दोघंही!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हातातल्या फोनकडे, कपड्यांकडे पाहिलं. मग तिथेच पायरीवर बसले.

"अय्यो," ते म्हणाले. "बरी आहेस. सरी, सरी. बरी आहेस."

मी पाणी आणलं. ते प्यायले नाहीत, तांब्या नुसता हातात धरून बोलत राहिले.

"ती आसंच करायची. आत ओट्यावर तिचा लॅपटॉप, चुलीवर लक्ष राहावं म्हणून. मी हॉलमध्ये. मधेच उठायची. कुकर उतरायला, दूध बघायला. सांगायची नाही. तिचा बाणवाला नुसता उभा. मी जाऊन पुढं उभा राहायचो, ती येईपर्यंत. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, म्हणून मला खेळात 'ढाल' म्हणायची. परत आली की आतनं विचारायची, 'ढाल, कोणी आलं होतं काय?'"

खाली रस्त्यावरून फुलवाल्याची सायकल गेली.

"त्या दिवशी तिचा बाणवाला तसाच नुसता उभा राहिला. मला वाटलं, कुकर. वीस मिनिटं पुढं उभा राहिलो मी. केवढे आले ग! एक बाण लागू दिला नाही तिला. जिंकलो. मी हॉलमधनं ओरडून सांगिटलं, जिंकलो म्हणून. कॉफी कर म्हणून पण सांगिटलं. मग उठलो." त्यांनी बोटांवर मोजल्यासारखं केलं. "दहा पावलं, पोरी. हॉल ते स्वयंपाकघर, दहा पावलं."

मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसले. परत पाठवलेला डबा, दोन आठवडे लावून घेतलेलं दार, सगळं आठवून मला स्वतःची लाज वाटली. मी त्यांच्या हातातला तांब्या काढून पायरीवर ठेवला.

थोड्या वेळाने त्यांना हात धरून खाली नेलं. चढण्यापेक्षा उतरायला जास्त वेळ लागला. खुर्ची उलटी पडली होती, चपला टेबलाखाली होत्या. संगणकाशेजारी कॅलेंडरचं नवं पान होतं. रोज कंपनीच्या बसमधून जाताना दुकानांच्या पाट्या वाचून वाचून मला एव्हाना तमिळ अक्षरं लागायला लागली होती. ते हात-पाय धुवायला आत गेले तेव्हा मी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं.

'बाणवाला. हलला नाही, तर खेळ टाकून उठून बघणे.' खाली लाल शाईने, जशा कचेरीत महत्त्वाच्या कागदांवर मारतात तशा, दोन रेघा. आणि शेरा : 'तातडीचे.'

मागची पानं दोऱ्याने बांधून ठेवली होती. मी तीही चाळली. प्रत्येक पानावर तीच ओळ होती.

आता दर रविवारी मी बाणवालीच असते. नेम अजून वाईटच आहे. उठायचं झालं की जिन्यापाशी जाऊन सांगते, "राव सार, उठते हं." खालून आवाज येतो, "सरी. जा. मी आहे." मग ते माझ्यापुढे येऊन उभे राहतात. गल्लीत मामींना हे सगळं मी एकदा सांगितलं. त्या बराच वेळ वडाम उलटत राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी राव सारांकडे रसम घेऊन गेल्या.

मागच्या रविवारी मी दूध उतरवायला उठले होते. परत येऊन बसले. विचारावं की नाही, ते कळत नव्हतं. मग जिन्याकडे तोंड करून विचारलंच.

"ढाल, कोणी आलं होतं काय?"

मला वाटलं, चुकलंच आपलं. आता खुर्ची सरकेल आणि ते तुळशीकडे जातील.

"तिघं आले होते," राव सार म्हणाले. "गेले. बस तू."