जनरलसाहेबांच्या अठ्ठेचाळीस उशा

जनरल लेबरेश्ट फॉन स्ट्युल्पनिट्झ मंगळवारी सकाळी नऊ वाजता, म्हणजे कचेरीच्या वेळेत, निधन पावले. त्यामुळे नोंद त्याच दिवशी झाली. दफन गुरुवारी ठरलं. ते गुरुवारी का झालं नाही यावर गावात बरंच तोंडसुख घेतलं गेलं. म्हणून छावणीच्या कचेरीतला ज्येष्ठ कारकून या नात्याने मी, योहान लाबुदा, खुलासा करतो: कचेरीकडून कुठलीही चूक झालेली नाही.

साहेबांची सेवा एक्कावन्न वर्षांची. युद्धं त्यांच्या वाट्याला तीन आली. पहिल्यात ते पोचले तेव्हा तह झाला होता, दुसऱ्यात त्यांच्याकडे गवताच्या गंजी राखायचं काम होतं आणि तिसऱ्यात त्यांना गालगुंड झालं. पण आमच्या स्टेशनावर इंजिनं पाणी भरतात. बर्लिनला निघालेले परदेशी राजे आणि राजपुत्र तिथे अकरा मिनिटं अडकून पडतात, आणि स्वागताला जनरल उभा असला की त्याच्या छातीवर काहीतरी टोचल्याशिवाय त्यांना परत डब्यात चढता येत नाही. साहेब उभे राहत. पावसात, बर्फात, एकदा तर अंगात ताप असताना. अशी इंजिनांच्या तहानेवर सत्तेचाळीस पदकं जमली. त्यांची यादी माझ्या हातची आहे आणि मला तिचा अभिमान आहे.

आता जनरलच्या शवपेटीपुढे त्याची पदकं चालणारच. प्रत्येक पदकाला स्वतंत्र मखमली उशी, प्रत्येक उशीला एक अधिकारी. आमच्या छावणीत अधिकारी बावीस, त्यातल्या एका कॅप्टनला संधिवात.

"मग सगळी एकाच उशीवर ठेवा ना," साहेबांच्या पत्नी म्हणाल्या.

अंत्यविधीची जबाबदारी मेजर फॉन केटेरित्झ यांच्यावर होती. ते दचकलेच. "बाईसाहेब, आपल्या पदकावरचा गरुड आणि पर्शियाच्या पदकावरचा सिंह एका उशीवर? उद्या कुणी विचारलं, वर कोण होतं, तर मी काय सांगू?"

"सांगा, दोघंही झोपले होते."

"ही थट्टेची वेळ आहे का?"

"थट्टा कोण करतंय? जुलै महिना आहे, मेजर. मला माझा माणूस वेळेत मातीत पोचवायचाय. बाकी काही नको मला."

मेजरसाहेबांनी त्यांच्या दुःखाचा आदर राखला आणि शेजारच्या दोन छावण्यांना तारा केल्या. शुक्रवारी अठरा अधिकारी आले. तरी आठ कमी पडत होते. तेव्हा रेजिमेंटमधले सर्वांत धिप्पाड आठ हवालदार निवडून त्यांना एका दिवसापुरतं लेफ्टनंट करण्यात आलं. तो हुकूम मीच लिहिला. मखमल संपली म्हणून औषधवाल्याच्या बायकोचा सोफा उसवला. तिने आरडाओरडा केला, पण प्रसंग राष्ट्रीय होता.

शनिवारी तार आली. साहेबांच्या निधनाने एका छोट्या राज्याच्या ग्रँड ड्यूकना तीव्र दुःख झालं होतं. त्या भरात त्यांनी मरणोत्तर पदक जाहीर केलं होतं आणि ते सोमवारी सकाळच्या गाडीने यायचं होतं. अठ्ठेचाळीस!

त्याच दुपारी बाईसाहेब कचेरीत आल्या. "लाबुदा, बर्फ संपला. बिअरच्या कारखान्यातला ग्रुनो म्हणतो, आता आणखी दिला तर त्याची बिअर नासेल. उद्या उरकून टाका हो."

"पण पदक सोमवारी येतंय, बाईसाहेब."

"मग परत पाठवा."

"परत? मित्रराष्ट्र आहे ते!"

त्यांनी माझ्या टेबलावर हात टेकले. त्यांच्या हाताला व्हिनेगरचा वास येत होता. साहेबांना ठेवलेली खोली चार दिवस त्या स्वतःच पुसत होत्या. मला फार वाईट वाटलं. पण यादी अपुरी होती, आणि अपुऱ्या यादीवर सही होत नाही.

सोमवारी सगळं यथासांग झालं. संधिवाताच्या कॅप्टनना चाकांच्या खुर्चीत बसवून अठ्ठेचाळिसावी उशी त्यांच्या मांडीवर दिली. दोन उशांमध्ये नियमाप्रमाणे सहा पावलांचं अंतर होतं. त्यामुळे पहिली उशी दफनभूमीत पोचली तेव्हा शेवटची अजून चर्चच्या दारातच होती. बँड वाजला, पाद्रीबुवांचं भाषण झालं, बंदुकांच्या तीन फैरी झडल्या. मेजरसाहेबांचे डोळे भरून आले.

शवपेटी चर्चमध्येच राहिली होती.

याचं कारण साधं आहे. पेटी उचलायला जे आठ हवालदार नेमले होते, तेच आता लेफ्टनंट होते, आणि त्यांचे हात उशांत गुंतले होते. बढतीच्या हुकुमात पेटीचा उल्लेख करायचा असतो, असा नियम मला अजून कुणी दाखवलेला नाही.

सगळे पांगल्यावर फाटकातून बिअरची गाडी आत आली. ग्रुनो लगाम धरून होता. मागून बाईसाहेब आणि त्यांची स्वयंपाकीण एका हाताने गाडीवरची शवपेटी सावरत चालत होत्या.

"लाबुदा, जरा हात लावा," बाईसाहेब म्हणाल्या.

माझ्या दोन्ही हातांत पदकांची पेटी होती. जनरल गेला की पदकं बर्लिनला परत करावी लागतात, मोजून, पावती घेऊन. मी तसं त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि शवपेटीचं एक टोक स्वतःच धरलं.

खड्डा बुजल्यावर थडगं खणणाऱ्याने वही उघडली. "पार्थिव आणलं कुणी? नाव सांगा."

मी यादी वरपासून खालपर्यंत चाळली. पदकं होती, अधिकारी होते, सोफासुद्धा होता. बाईसाहेबांचं नाव कुठेच नव्हतं, आणि सव्वीस वर्षांच्या नोकरीत ते विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं.

आता तुम्ही मला हसाल. खुशाल हसा. तुम्हाला पदकं किती ते पाठ आहे, मेजरचं नाव माहीत आहे, बिअरवाल्याचंही माहीत आहे. त्या बाईंचं नाव काय, हे इथपर्यंत वाचताना तुम्ही तरी एकदा विचारलंत का?