कडबाकुट्टीची खंडेनवमी

खंडेनवमीच्या सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना मच्छिंद्रच्या लक्षात आलं, की आपण हातची नोकरी घालवली आहे. समोर कडबा कापायचं जुनं यंत्र, म्हणजे पांढरीशुभ्र कडबाकुट्टी, उभी होती. तिच्या तोंडाशी हळदी-कुंकवाचे पाच टिळे होते आणि चाकावर झेंडूचं फूल होतं. हे सगळं त्यानं स्वतः, अगदी मन लावून केलं होतं.

वाघोलीच्या त्या कॉलेजच्या आवारात आधुनिक कलेचं संग्रहालय आहे, हे कॉलेजातल्या निम्म्या मुलांना ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे, ती एसीसाठी येतात. मच्छिंद्र तिथला मदतनीस, नऊ वर्षं कंत्राटावर. त्याला कायम करण्याची ऑर्डर टाइप होऊन संचालिका पूर्णिमा मॅडमच्या टेबलावर पडली होती, पण मॅडमनी सही राखून ठेवली होती. मागे एका कलाकृतीतला दिवा उगाच जळतोय म्हणून मच्छिंद्रनं बंद केला होता, आणि ती कलाकृती चार महिने अंधारातच राहिली होती. कुणाच्या लक्षात आलं नाही हे खरं, पण आल्यावर मेमो मात्र मिळाला. आता आणखी एक तक्रार आली, की ऑर्डर फाडून टाकीन, असं मॅडम शांतपणे म्हणाल्या होत्या. मॅडम ओरडत नसत, त्यामुळे त्यांची जास्तच भीती वाटे.

आणि आजच बारा वाजता कडबाकुट्टीचा कलावंत इंद्रजीत येणार होता. खऱ्याखुऱ्या जुन्या कडबाकुट्टीला नखशिखांत पांढरा रंग देऊन त्यानं तिला ‘अनाम-चार’ असं नाव दिलं होतं. ती दिल्लीच्या प्रदर्शनाला जायची होती. ती ठणठणीत आहे हे त्यानं पाहिलं, की लगेच सही, असं ठरलं होतं.

मच्छिंद्रचा तसा काही दोष नव्हता. सकाळी येऊन त्यानं खंडेनवमीला अवजारं पुजायच्या रिवाजाप्रमाणे शिडी, ड्रिल मशीन, व्हॅक्यूम क्लीनर, अगदी कॅमेऱ्याच्या टीव्हीलासुद्धा टिळा लावला. ताट हातात, तोंडात देवाचं नाव, आणि वाटेत कडबाकुट्टी. तो शेतकऱ्याच्या घरात वाढलेला माणूस. कडबाकुट्टीला खंडेनवमीला उपाशी ठेवायचं नसतं, एवढंच त्याच्या हातांना ठाऊक होतं. ही कलाकृती आहे, हे ध्यानात यायला पाचवा टिळा उमटावा लागला.

त्यानं आधी कोरड्या फडक्यानं पुसलं. टिळे फिसकटले. मग ओला फडका घेतला, त्यावर साबण लावला आणि जोरानं घासलं. पाहता पाहता पिवळी हळद लालभडक झाली. कडबाकुट्टीनं नुकताच कुणाचा तरी हात खाल्ला असावा, असं तिचं तोंड दिसू लागलं.

झाडलोट करणारी सरूबाई बादली घेऊन आली ती दारातच थांबली.

“हळदीला साबण लावलास व्हय?” तिनं विचारलं. “घरी बायको हाय ना तुझ्या?”

साबणानं हळद लाल होते आणि लिंबानं परत पिवळी, हे ज्ञान तिनं त्याला दिलं. कॅन्टीनमधून चार लिंबं आली. लाल डाग खरोखरच पिवळा झाला, पण आता तो पाच टिळ्यांचा न राहता वीतभर पसरला होता. वर कुंकवाचे गुलाबी ओघळ होते. साडेदहा वाजले होते.

उरला एकच उपाय. स्वच्छतागृहाच्या दाराला लावून उरलेला पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा सामानाच्या खोलीत होता. मच्छिंद्रनं डागावर ब्रश फिरवला. डाग गेला, पण पांढऱ्यात पांढरा मिळेना. नवा रंग दुधासारखा, जुना साबुदाण्यासारखा. मग त्यानं सगळं तोंड रंगवलं. तोंड रंगवल्यावर चाक मळकट दिसू लागलं, म्हणून चाक रंगवलं. पावणेबाराला अख्खी कडबाकुट्टी नवरीसारखी चकाकत होती आणि ओल्या रंगाचा वास दारापर्यंत जात होता. सरूबाईनं फिनेल ओतून तो वास झाकला.

बारा वाजता मॅडम आणि इंद्रजीत आले. इंद्रजीत चाळिशीचा, अबोल माणूस. तो कडबाकुट्टीभोवती एक फेरी मारून समोर थांबला. मच्छिंद्रनं हात पाठीमागे लपवले.

इंद्रजीतनं खिशातून कागदाची पुडी काढली.

“आईनं दिलंय,” तो मॅडमना ओशाळून म्हणाला. “रंगव नाहीतर काही कर, पण खंडेनवमी चुकवायची नाही म्हणाली. ही आमच्याच गोठ्यातली आहे.”

मॅडमना ही कल्पना फारच आवडली. इंद्रजीतनं वाकून पाच टिळे लावले आणि बोट मागे घेतलं. बोट पांढरं झालं होतं. त्यानं बोटाकडे पाहिलं, जवळ जाऊन वास घेतला, आणि मग मच्छिंद्रच्या कोपरापर्यंत उडालेल्या पांढऱ्या शिंतोड्यांकडे आणि चाकाखाली पडलेल्या झेंडूच्या फुलाकडे पाहिलं. मच्छिंद्रला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

इंद्रजीत त्याच्याजवळ आला. “तुम्ही आधीच पूजा केली होती?” त्यानं अगदी हळू विचारलं.

“व्हय.”

“मग पुसली कशाला? अशी मधेच पुसतात का पूजा?”

रागासाठी मच्छिंद्रची तयारी होती, या प्रश्नासाठी नव्हती. आणि माणूस खरं तेच बोलत होता, म्हणून त्याला फार वाईट वाटलं.

“काही झालंय का?” मॅडमनी विचारलं.

“काही नाही. रंगाचा एक हात मारून ठेवा, असं मीच यांना फोनवर सांगितलं होतं,” इंद्रजीत म्हणाला.

“मला कळवलं असतं तर आनंद झाला असता,” मॅडम म्हणाल्या, पण त्यांनी फायलीतून ऑर्डर काढली आणि उभ्याउभ्याच सही करून मच्छिंद्रच्या हातात दिली. “हे टिळे आता कलाकृतीचा भाग आहेत. दिल्लीला जाईपर्यंत जसेच्या तसे राहायला हवेत. त्यांना कुणीही हात लावायचा नाही. तुम्ही तर नाहीच.”

दोघं चहाला गेले. मच्छिंद्रनं ऑर्डर दोनदा वाचली, डोळे पुसले आणि मान वर केली. वरचा टिळा दोन बोटं खाली आला होता. रंगाचा थर जाड बसला होता आणि तो सावकाश उतरत होता. बाकीचे चार टिळेही निघायच्या तयारीत होते.

“बोटानं वर सरकव की,” सरूबाई म्हणाली.

“हात लावायचा न्हाई. टेबलफॅन आण.”

सरूबाईनं ऑफिसातला टेबलफॅन आणून दिला. कायम नोकरीतलं पहिलं काम म्हणून मच्छिंद्र संध्याकाळपर्यंत पाच टिळ्यांना वारा घालत बसला.