बसला म्हणजे जुळला

चालू असलेली वस्तू सुधारता येते आणि सुधारली की ती बंद पडते, हा सृष्टीचा नियम आहे. चष्मेवाल्यांना तो ठाऊक नव्हता असं नाही. पण नियम इतरांसाठी असतात.

त्यांची बायको शाळेच्या पुस्तकांसाठी नकाशे काढायची. तिचा संगणक इतका जुना, की पडद्यावरची नदी समुद्राला मिळेपर्यंत तिची भाजी चिरून व्हायची. तिची तक्रार नव्हती. तक्रार चष्मेवाल्यांची होती. सोमवारी अख्खा नकाशासंग्रह छापखान्यात जायचा होता, म्हणून नेमकी शनिवारची वेळ साधून ते नवा प्रोसेसर घेऊन आले.

"बाबा, आपल्या मदरबोर्डला हा चालतो का पाहिलंत?" मुलीनं विचारलं. "बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर यादी असते."

"सॉकेट तोच आहे. पाय जुळले की झालं."

(हे गृहस्थ डोळे तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाला चष्म्याची काडीही दाखवत नाहीत. 'शेजाऱ्याचाच नंबर लावा, आम्ही एका वयाचे' म्हणणाऱ्या एका आजोबांना त्यांनी चहा पाजून तासभर झापलं होतं.)

जुना प्रोसेसर निघाला, शर्टाच्या खिशात गेला. नवा अलगद बसला. "बसला!" चष्मेवाले गरजले. बसला म्हणजे जुळला, या सिद्धांतावर जगातली निम्मी लग्नं आणि जवळपास सगळ्या नेमणुका होतात. (तक्रारींची आकडेवारी ठेवली जात नाही.)

टेबलाखाली पालथं पडून त्यांनी वायरी जोडल्या. पंखा फिरला. पडदा काळाच राहिला.

"बोर्ड याला ओळखत नाही," मुलगी यादी वाचत म्हणाली. "आधी बोर्डाचं बायॉस, म्हणजे त्याला प्रोसेसर ओळखायला शिकवणारा प्रोग्रॅम, नवं करायला हवं होतं."

"मग कर आता."

"त्यासाठी संगणक सुरू व्हायला हवा."

"मग सुरू कर."

"त्यासाठी जुना प्रोसेसर लागेल."

कार्यपद्धतीत खोट काढायला जागा नव्हती. जुना प्रोसेसर खिशातून सादर झाला. त्याच्या एका कोपऱ्यातल्या केसाएवढ्या पिना, चष्मेवाल्यांच्या छातीखाली सापडून, वाऱ्यानं आडव्या झालेल्या गवतासारख्या लोळत होत्या.

बायको दारात उभी होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "परवा छापखाना आहे," एवढंच म्हणाली, आणि कागद पसरून पेन्सिलीनं पहिल्यापासून किनारपट्टी काढू लागली.

चष्मेवाल्यांनी दुकानातलं भिंग आणि बारीक चिमटा आणला, खिडकीशी बसले, आणि श्वास रोखून एकेक पिन उभी करत गेले. घाम पुसायलाही मुलगीच. उजेड सरता सरता जुना प्रोसेसर पुन्हा जागेवर गेला आणि पडद्यावर नदी उगवली. पूर्वीच्याच संथ गतीनं.

बायकोनं पहिल्यांदा सुस्कारा सोडला.

"आता ते बायॉस..." चष्मेवाले हळूच म्हणाले.

तिनं पेन्सिल खाली ठेवली. विषय संपला.

संग्रह वेळेवर छापून झाला. 'चष्मेवाल्यांनी मेलेला संगणक उठवला' ही बातमी गल्लीत पसरली (मारला कुणी, हे कुणी विचारलं नाही), आणि लोक नवे प्रोसेसर हातात घेऊन दुकानात सल्ल्याला येऊ लागले. चष्मेवाले प्रत्येकाला गंभीरपणे विचारतात, "बोर्ड कुठला?" आजवर एकालाही सांगता आलेलं नाही.

तुम्ही हसताय, ते ठीक. तुमचा कुठला?