वास येतोय का

लिंबाजीमामांचा रामराम असा नव्हताच. माणूस समोर आला की विचारायचे, "वास येतोय का?"

नवख्याची पंचाईत व्हायची. आमच्या दूध संस्थेच्या चेअरमननी पहिल्या भेटीत गुपचूप स्वतःची काख हुंगली होती. वडवणीला एका लग्नात मामांनी वाढप्यालाच हे विचारलं, तर अख्ख्या पंगतीने वरणाला हात लावला नाही. नवरीचा बाप भांडायला उठला. मामा आपले सवयीने बोलून गेले होते.

सवय लागली यंत्रापायी. दुष्काळाचं साल, वीज नावाला. संध्याकाळचं दूध सकाळी टँकर येईपर्यंत नासायचं. म्हणून कुणा भल्या माणसांनी संस्थेला जाळावर चालणारं बर्फाचं यंत्र दिलं, आणि ते चालवायला मामा नोकरीला लागले. दोन लोखंडी टाक्या, मधे नळी. एका टाकीत क्षार, त्यात मुरलेला अमोनिया. खाली कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या की अमोनिया सुटून पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या टाकीत जायचा आणि तिथं निवून पातळ व्हायचा. जाळ विझला की क्षार त्याला परत ओढून घ्यायचा, आणि ती दुसरी टाकी इतकी गार पडायची की भोवतीच्या साच्यांत बर्फ धरायचा.

"जाळाबिगर गारवा न्हाई," मामा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. चुलीवर बर्फ करणारा म्हणून गाव त्यांना हसायचं. मीही हसलो होतो.

एकदा नळी सुटली आणि वाफ थेट मामांच्या तोंडावर आली. जीव वाचला, नाक गेलं. तेव्हापासून अमोनिया गळतोय का हे कळायला त्यांना दुसऱ्याचं नाक लागायचं. दूध हुंगून आंबलंय का ते सांगणं हे माझं काम, म्हणून माझ्याच नाकावर त्यांनी हक्क सांगितला. जेवत्या ताटावरून उठवायचे. मी वैतागून म्हणायचो, "मामा, तुमच्यापायी माझं बी नाक जाईल."

"जाऊ दे की. या गावात हुंगण्यासारखं काय ऱ्हायलंय?"

निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असायचं.

त्या फाल्गुनात गावातली पारूबाई सकाळीच वारली. एकुलता लेक बापू लांबच्या कारखान्यावर ऊस तोडत होता. निरोप गेला, पण तो दुसऱ्या दिवसाशिवाय पोचणार नव्हता. ऊन मी म्हणत होतं. दिवस मावळायच्या आत उरकून घेऊ, असं सगळ्यांचं ठरलं. म्हणजे बापूला आईचं तोंड दिसणार नव्हतं.

मामा उठले आणि यंत्रातला बर्फ पोत्यात भरू लागले. चेअरमन आडवे आले. "अन् संध्याकाळचं दूध?"

"नासू द्या."

"कावून? लोकांच्या चुली त्याच्यावर हायत."

"माझी बायको गेली तवा मी बी उसातच व्हतो," मामा म्हणाले. "आलो तर राख सावडून झालती. हितं नोकरी मागाया मी दुधासाठी आलतो, असं वाटलं का तुमाला?"

चेअरमन बाजूला झाले. नासणाऱ्या दुधात त्यांच्याही म्हशींचं दूध होतं.

मग ज्या बायका हंड्यावरून एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या, त्यांनी साच्यांसाठी घरातलं प्यायचं पाणी आणून ओतलं. मामांनी जाळ धरला, मी पऱ्हाट्या वाहिल्या, आणि रात्रभर पारूबाईभोवती बर्फ रचला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बापू आला आणि उंबऱ्यातच थबकला. त्याला आत पाऊल टाकवेना. मामांनी मला कोपऱ्यात ओढलं. एरवी गावभर ऐकू जाणारा त्यांचा आवाज अगदी खाली आला होता.

"वास येतोय का?"

खोटं बोलायची तयारी ठेवूनच मी पारूबाईपाशी वाकलो. गरज पडली नाही.

"न्हाई, मामा."

त्यांनी पारूबाईच्या तोंडावरचा पदर सारला. "ये बापू. बघून घे."

बापू आईच्या गालाला हात लावून रडत बसला. मामा त्याच्या मागे टेकले आणि तेही त्या तोंडाकडे बघत राहिले. उचलायची वेळ झाली, बापू उठला, तरी मामा हलेनात. ते कुणाचं तोंड बघत होते ते मला कळत होतं. मी लोकांना म्हणालो, "थांबा जरा."