शिट्टीकाकांचा दुसरा डोळा

"लांबचीच टाका, डॉक्टर," काकांनी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या.

काका एके काळी फुटबॉलचे पंच होते. निवृत्तीनंतरही शेजारच्या भांडणांत ते फाउल देत, म्हणून सगळे त्यांना शिट्टीकाका म्हणत. त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून लांबची लेन्स बसवली होती. समोरच्या गच्चीवर कोणाचे कपडे वाळताहेत ते त्यांना दिसे, पण आपल्या ताटात काय वाढलंय ते विचारावं लागे. जवळचा चष्मा दुसरा डोळा झाल्यावरच मिळणार होता. आणि त्या डोळ्यात लेन्स लांबची बसवायची की जवळची, ते आज ठरायचं होतं.

डॉक्टरांनी तपासणीची धातूची फ्रेम काकांच्या नाकावर चढवली आणि झालेल्या डोळ्यापुढे एक काच सरकवली. "जवळची लेन्स घेतलीत तर जवळचं साधारण असं दिसेल. बाहेर बसा, बघा, मग सांगा."

बाहेर वेळ जाईना. पत्ते काकूंच्या पर्समध्ये कायम असत.

"काढ पत्ते. एक डाव होऊन जाऊ दे," काका म्हणाले. रोज संध्याकाळी रमीत बायकोला हरवल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे.

"आज नको हो."

"घाबरलीस!"

डाव सुरू झाला. काकूंनी पत्ता उचलला, तो जरासा कलला. जोकर! काकांना तो टोपीच्या घुंगरांसकट दिसला. आणि पुढच्याच क्षणी तो पर्समध्ये गडप झाला.

"फाउल!"

डोळ्यांत औषध घालून बसलेले सगळे पेशंट दचकले. नर्स धावत आली. "काय झालं? दुखतंय का काका?"

"ही पत्ते चोरते! पर्स उघड म्हणावं तिला!"

"घरी बोलू या ना," काकू पुटपुटल्या.

"अजिबात नाही. सगळ्यांसमोर!"

"उघडा की हो," डोळ्याला पट्टी बांधलेले एक गृहस्थ सरसावून बसले. "एका डोळ्यानं का होईना, बघतो."

पर्समधून जोकर निघाला. पाठोपाठ बदामचा एक्का.

"बघा! रोज हेच चालत असणार!"

"पण रोज जिंकतं कोण?" नर्सनं विचारलं.

"मी!" काकांनी छाती पुढे काढली. मग ती हळूहळू आत गेली.

"तुम्ही बदाम नि चौकट एक करायला लागलात," काकू पर्सची चेन ओढत म्हणाल्या. "हरलात की जेवायचा नाहीत. मी काय करणार होते?"

पट्टीवाल्या गृहस्थांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे मात्र हलत होते.

काका तडक आत गेले. "जवळची टाका डॉक्टर. मला हिला एकदा खरंखुरं हरवायचंय."

ऑपरेशन झालं, नजर स्थिरावली. पर्स कपाटात ठेवून डाव मांडला गेला. काका हरले. दुसऱ्या दिवशीही हरले. तिसऱ्या दिवशी तर काकूंनी त्यांची पानं लागायच्या आतच डाव संपवला. काका भूक नाही म्हणून लवकर झोपले.

पुढच्या संध्याकाळी काकूंनी पत्ता उचलला आणि पदर सावरता सावरता अलगद मांडीखाली सरकवला. इस्पिकचा एक्का. काकांना तो लख्ख दिसला. त्यांचे ओठ फाउल द्यायला उघडलेसुद्धा.

मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "टाक लवकर पत्ता. भूक लागलीय."