आधीच सांगून ठेवणारे गुलाबराव

घर विकायला काढलेल्या माणसाच्या ओट्यावर दलाल पहिल्यांदा चढतो तेव्हा तो घराची तारीफ करतो, निदान स्वतःची तरी. गुलाबराव आमच्या ओट्यावर चढले आणि म्हणाले, "मी गुलाबराव. घरं विकतो. आधीच सांगून ठेवतो, डाव्या कानानं ऐकू येत नाई, आन् नेलेली छत्री मी वापस करत नाई."

आई उठून त्यांच्या उजव्या हाताला जाऊन बसली. मी उठून माझी छत्री आत ठेवून आलो.

आणीबाणी उठल्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. मी हिंगणघाटला पोष्टात कारकून होतो आणि माझी बदली वर्ध्याला झाली होती. वडील वारलेले, माझं लग्न व्हायचं होतं, तेव्हा आईला मागं एकटी ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. वर्ध्यात सेवाग्राम रस्त्याला एक लहानसं घर पाहून मी मोठ्या उत्साहानं इसारही देऊन बसलो होतो. पावसाळ्याआधी हिंगणघाटचं घर विकलं तर ते घर आमचं, नाहीतर इसार बुडाला आणि मायलेकांच्या नशिबी भाड्याची खोली.

दलाल तीन होते. एक बसस्टँडवरच्या हॉटेलात बसत. त्यांनी घर न पाहताच मला सांगितलं, "घर नाई साहेब, महाल आहे महाल." आमच्या तीन कौलारू खोल्यांना महाल म्हणणारा हा पहिलाच माणूस, त्यामुळे तो मला फार आवडला. दुसरे आमचे लांबचे मामा. ते घरचं काम म्हणून फुकट करणार होते, आणि घरचं काम म्हणूनच दोन वर्षं लावणार होते. तिसरे गुलाबराव.

घर हाती घेण्याआधी त्या घरात एक अख्खा दिवस बसायचं, ही गुलाबरावांची रीत. सकाळीच ते आपला डबा घेऊन आले. विहिरीचं पाणी चाखलं. प्रत्येक खोलीत सतरंजी टाकून तास-तासभर बसले. दुपारी मागच्या खोलीत चक्क घोरले. संध्याकाळी त्यांनी निकाल दिला, "सैपाकघरातला धूर बाहेर जात नाई. मागच्या खोलीची दुपारी भट्टी होते. विहीर गोड आहे, पण वैशाखात तळ दाखवते."

मला राग आला. आईचा चेहरा मात्र उजळला. "वीस वर्षं तुह्या बापाले मी धुराचंच सांगून राह्यली होती. कोणीतरी मानलं. याहिलेच दे काम," ती म्हणाली. आमच्या घरी दलालाची निवड अशी झाली. माझं मत महालवाल्यांना होतं, पण ते मोजलं गेलं नाही.

आता एक गोष्ट मलाही कबूल केली पाहिजे. वेणा नदीच्या पुराचं पाणी दोनदा आमच्या घरात शिरलं होतं आणि पुढच्या खोलीच्या भिंतीवर गुडघाभर उंचीला त्याची तपकिरी रेघ उमटली होती. मी एका रविवारी तिच्यावर चुन्याचे तीन हात दिले. गुलाबराव पहिलं गिऱ्हाईक घेऊन आले ते थेट त्या भिंतीपाशी गेले आणि नखानं चुना खरवडू लागले. "हे पाहा. इथवर पाणी आलतं. आधीच सांगून ठेवतो." गिऱ्हाइकानं बाकीच्या खोल्या पाहायची तसदी घेतली नाही.

मी पुन्हा चुना दिला. त्यांनी पुन्हा खरवडला. एका गृहस्थांना पाण्याचंही काही वाटलं नाही, घर पसंत होतं, तर गुलाबरावांनीच त्यांना वाटेला लावलं. "तुमच्या घरी दोन म्हातारी माणसं. ह्या ओट्याच्या पायऱ्या उच्च्या आहेत. पडतीन."

"गुलाबराव, घर विकाचं आहे का गावभर बदनाम कराचं आहे?" मी चिडून विचारलं. पण मी डाव्या बाजूला उभा होतो. त्यांनी समाधानानं मान डोलावली.

इसाराची मुदत आठ दिवसांवर आली. उद्या महालवाल्यांना गाठायचं असं मी ठरवलं, आणि त्याच दिवशी गुलाबराव समुद्रपूरचे एक एसटी कंडक्टर आणि त्यांची बायको यांना घेऊन आले. नख भिंतीला लागलं. मी आत जाऊन बसलो.

"किती खेपा आलं पाणी?" बाईंचा आवाज आला.

"दोन खेपा. दुसऱ्या खेपेले या मायनं पिठाचा डबा माळ्यावर चढवला होता. कोरडा राह्यला."

"मंग आमीबी माळ्यावर ठेवू." मग त्या नवऱ्याला म्हणाल्या, "एवढं सांगून राह्यले, म्हणजे आणखी काई लपवलं नसन."

घर विकलं गेलं. त्या दिवशी ऊन फार होतं म्हणून आईनं गुलाबरावांना माझी छत्री दिली. मी तिच्यावर पाणी सोडलं.

त्या दसऱ्याला मी माझ्या जुन्या मास्तरांना सोनं द्यायला हिंगणघाटला गेलो. परतताना पाय आपसूक जुन्या घराकडे वळले. ओट्यावर गुलाबराव बसले होते. अंगात धुतलेला सदरा, मांडीवर आपट्याच्या पानांनी भरलेली पिशवी. कंडक्टरच्या दोन्ही मुली त्यांच्या पाया पडत होत्या. चहा संपवून ते उतरले तसा मी त्यांच्याबरोबर चालू लागलो, उजव्या बाजूनं.

"आता कुठं?" मी विचारलं.

"त्या निळ्या दाराच्या घरी. तेबी मीच विकलं. मंग त्याच्या मागचं. जेवढी विकली तेवढ्या घरी जा लागते."

"आन् तुमच्या घरी लोक सोनं द्यायले आले तं?"

"माह्या खोलीवर?" ते हसले. "बायको गेली तवा दोन दसरे दार उघडं ठेवून बसलो, भाऊ. लेकरूबाळ नाई. कोणी आलं नाई. तिसऱ्या दसऱ्याले मीच निघालो."

थोडं चालून ते म्हणाले, "खोटं बोलून घर विकलं, तं दसऱ्याले त्या घरी कोण्या तोंडानं जाऊ?"

मला माझ्या चुन्याची लाज वाटली. खिशात मास्तरांना देऊन उरलेली पानं होती. मी म्हणालो, "चला, तुमच्या खोलीवर जाऊ. मले तुमाले सोनं द्याचं आहे."

"इथंच द्या नं."

"नाई. घरी येऊन देतो."

गुलाबराव रस्त्यात थांबले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. निळं दार समोर दिसत होतं, पण ते तिकडे गेले नाहीत, गल्लीत वळले.

"आधीच सांगून ठेवतो," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "खोलीत उजेड नाई. जिन्याची तिसरी पायरी हालते. तुमची छत्री खुटीले दिसन, ते मांगू नका. आन् खुर्ची एकच आहे. तिच्यावर तुमी बसा."